बत्तीस की बावीस

आयुष्यात एकदाच मी हत्यार घेऊन बसमध्ये बसलो, आणि ते हत्यार चकल्यांच्या डब्यात तळाशी होतं. बस साउथहॅम्प्टनच्या बंदराकडे वळली तेव्हा मांडीवरचा डबा थरथरतोय की डब्याखालची मांडी, हेही मला कळत नव्हतं. समोरच्या बाकावरच्या आजीबाई माझ्याकडे पाहून हसल्या. मी त्यांच्याकडे पाहून जे केलं त्याला हसणं म्हणता येणार नाही.

सुरुवात दसऱ्यापासून झाली. शस्त्रपूजेला आमच्या घरी पाटावर काय असायचं? माझा लॅपटॉप, बायकोचा स्टेथोस्कोप, एक स्क्रूड्रायव्हर आणि कांदा कापायची सुरी. बायको हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ आहे, मी तिच्या व्हिसाला लटकून इथं आलेला सॉफ्टवेअरवाला. त्यामुळे घरात खरं शस्त्र म्हणावं असं काही नाही. पण इथल्या मराठी मंडळातले एक काका आहेत. मेथी मिळत नव्हती त्या काळात ते या देशात आले, आणि तेव्हापासून प्रत्येक नवीन माणसाला ते हे ऐकवतात. गेल्या वर्षी पूजेला आले, पाटाकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, शस्त्रपूजा आहे की दुरुस्तीचं दुकान?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते कुठेतरी रुतून बसलं असणार. कारण या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी शहराबाहेरच्या एका शेतात भरलेल्या कार बूट सेलला, म्हणजे लोक आपल्या गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकतात त्या बाजाराला, गेलो, आणि जुने टेबललँप आणि बिनकानाचे कप यांच्यामध्ये ते पडलेलं दिसलं तेव्हा मला फक्त काकांचा चेहरा दिसला.

छोटंसं रिव्हॉल्व्हर. तळहातात मावेल एवढं. नळीवर निकेलचा मुलामा, अर्धा उडालेला, लाकडी मूठ एका बाजूनं तडकलेली. गाडीपाशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, वडील वारले, त्यांचं गॅरेज रिकामं करतेय.

"जुनं आहे?" मी विचारलं.

"शंभर वर्षांच्या वरचं आहे. रिमफायर म्हणतात याला, बाबा सांगायचे."

रिमफायर म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, पण मी 'अच्छा, रिमफायर' म्हणून अशी मान हलवली, जणू आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तेच वापरलं जातं. जुनं म्हणजे अँटिक, अँटिक म्हणजे कायदेशीर, एवढंच माझं ज्ञान. बाईंनी साठ पौंड सांगितले. मी वीस म्हटलं. त्या हसल्या. मग मी तुळशीबागेत शिकलेला एकमेव डाव टाकला: वस्तू खाली ठेवली आणि चालायला लागलो.

"पंचवीस," मागून आवाज आला. "घेऊन जा. मला ते फक्त घरातून बाहेर हवंय."

ते वाक्य त्याच वेळी माझ्या कानात वाजायला हवं होतं. मी मात्र जिंकलो होतो.

बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली, "हे घरात नको." म्हणून त्याचा मुक्काम मागच्या अंगणातल्या शेडमध्ये. पूजेआधी मी त्याला नीट तयार केलं. देवाची तांब्याची भांडी आई जशी चिंच-मिठानं लख्ख करायची, तसं मी ते घासलं. मग पोलाद गंजू नये म्हणून खोबरेल तेल लावलं, आणि उगाच कमी पडायला नको म्हणून नळीतही सढळ हातानं ओतलं. पूजेला हळद, कुंकू, अक्षता, झेंडू नाही म्हणून सुपरमार्केटमधली पिवळी शेवंती. सगळ्यांनी मुठीमुठीनं अक्षता टाकल्या. काकांनी खास नेम धरून.

काका खूष झाले, पण खूष झालेले दाखवतील तर ते काका कसले. त्यांनी माझ्या हातात ते रिव्हॉल्व्हर देऊन फोटो काढला. मी, बावळटासारखा, एक डोळा मिटून, कॅमेऱ्यावर रोखलेलं. तो तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर गेला: 'आपल्या मंडळातलं पहिलं खरं शस्त्र!' मग त्यांनी विचारलं, "केवढ्याला?"

"पंचवीस. साठ सांगितले होते."

"पंचवीस?" काका खुर्चीत मागे टेकले. "मग तू फसलास. पंचवीस पौंडाला इथं लहान मुलांच्या हातातलं खोटं पिस्तूलसुद्धा येत नाही. रास्त किंमत काय याची? काढलीस का?"

नव्हती काढली. आणि हा प्रश्न मला झोंबला. म्हणून पुढच्या आठवड्यात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, सँडविच एका हातात धरून मी जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत कशी ठरवतात हे वाचायला बसलो.

फार गोड अभ्यास होता तो सुरुवातीला. मूळ मुलामा किती शिल्लक आहे, मूठ मूळची की बदललेली, घोडा मागे ओढला की नीट अडकतो का, गोळ्या भरायचं चाक आपल्या जागी घट्ट थांबतं की डुगडुगतं. रिमफायर म्हणजे काय तेही कळलं. गोळीच्या बुडाच्या कडेत दारू असते आणि घोडा त्या कडेवर आपटतो. माझ्याजवळच्यासारखीच दिसणारी रिव्हॉल्व्हरं लिलावात तीनशे, साडेतीनशे, एक तर चारशेला गेलेलं. मी मनातल्या मनात काकांना पुढच्या वर्षीच्या पूजेचं आमंत्रण देत होतो.

तेवढ्यात पुढचा परिच्छेद आला.

त्यात जे होतं ते साध्या मराठीत असं. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, बत्तीस मोठं, बावीस बारीक. बत्तीस कॅलिबरच्या रिमफायर गोळ्या आता बाजारात नाहीत, म्हणून तसं जुनं रिव्हॉल्व्हर शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय ठेवता येतं. बावीसच्या गोळ्या मात्र आजही मिळतात. म्हणून बावीसचं रिव्हॉल्व्हर कितीही जुनं असो, ते जुनं धरत नाहीत. ते बंदी असलेलं हत्यार. ते जवळ सापडलं तर शिक्षा, सहसा किमान पाच वर्षं.

मी सँडविच खाली ठेवलं. कारण माझं बत्तीस होतं की बावीस, हे मला माहीतच नव्हतं. त्याच्यावर कुठेही आकडा कोरलेला नव्हता.

आता आमची परिस्थिती सांगतो. या देशात पाच वर्षं नीट राहिलं की कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. आमची पाच वर्षं उन्हाळ्यात भरली. क्रॉयडनला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो होतो. त्या अर्जात, तुमच्यावर काही गुन्हा आहे का, याच्या सगळ्या चौकटींत आम्ही अभिमानानं 'नाही' भरलं होतं. अर्ज कुठल्यातरी टेबलावर पडलेला होता. बायकोची नोकरी, घर, सगळं त्या एका उत्तरावर. आणि इकडे मंडळाच्या ग्रुपवर माझा एक डोळा मिटलेला फोटो.

मी जिन्यात जाऊन काकांना फोन लावला.

"काका, तो फोटो काढून टाका."

"का रे? सत्तावन्न लोकांनी अंगठा दिलाय."

"काका, प्लीज. तुम्ही तो आणखी कुणाला पाठवलात का?"

"कार्डिफच्या मंडळाला. त्यांच्याकडे नुसती तलवार आहे, तीही लाकडी." मग, "आवाज का असा येतोय तुझा? बरा आहेस ना?"

"बरा आहे," मी म्हणालो आणि पायरीवर बसलो.

कुठल्याशा फोरमवर एका सद्गृहस्थानं घरगुती उपाय दिला होता. साधी पेन्सिल नळीत घालून बघा. गेली तर बत्तीस असण्याची शक्यता, नाही गेली तर बावीस. त्या दुपारी मी डोकं दुखतंय सांगून घरी आलो. खोटं नव्हतं ते. शेडमध्ये गेलो. ऑक्टोबर संपत आलेला, आत श्वासाची वाफ दिसत होती. लॉनमोअरच्या मागून रिव्हॉल्व्हर काढलं, नळी भिंतीकडे केली, मान दुसरीकडे वळवली आणि पेन्सिल टेकवली. पेन्सिलची बोथट बाजू, म्हणजे पूर्ण जाडी कळावी.

गेली नाही.

पुन्हा टेकवली. जरा दाबली. आत काहीतरी घट्ट लागत होतं. जोर लावायची माझी छाती नव्हती. न जाणो, आत काही असलं आणि उडालं तर? चाकाच्या भोकांत काय आहे ते बघण्याचंही धैर्य नव्हतं. ते चाक उघडतं कसं हेच ठाऊक नव्हतं. मी तिथे मातीच्या पिशवीवर बसलो आणि बावीस, बावीस असं पुटपुटत राहिलो. पाच वर्षं राहून मिळणारा कायमचा मुक्काम, आणि पाच वर्षांचा सरकारी मुक्काम. दोन्हीकडे हिशेब पाचाचाच.

भीतीनं माणूस शहाणा होतो असं कुणी म्हणत असेल तर त्यांनी माझी भेट घ्यावी. मी ठरवलं, हे समुद्रात टाकायचं. दिवाळीसाठी नुकताच भरलेला चकल्यांचा मोठा डबा घेतला, तळाशी फडक्यात गुंडाळून ते ठेवलं, वर चकल्या रचल्या आणि बस पकडली. वाटेत फोनवर आणखी वाचलं. वाचायला नको होतं. असं काही घेऊन रस्त्यानं हिंडणं हा आणखी एक, स्वतंत्र गुन्हा. पाण्यात फेकणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. म्हणजे मी घरी बसलो असतो तर एक गुन्हा होता. बसच्या दर थांब्यागणिक तो वाढत होता.

बंदरावर पाण्याच्या कडेला बाक आहेत. समोर एक भलंमोठं क्रूझ जहाज उभं, त्याच्या दहाबारा मजल्यांवरून माणसं नेमकी माझ्याकडेच बघत असावीत अशी. दर खांबावर कॅमेरा. मी बाकावर बसलो तोच शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन येऊन बसले. कुत्र्यानं डब्याला नाक लावलं आणि हलायलाच तयार होईना.

"काहीतरी छान दिसतंय आत," ते म्हणाले.

नाही कसं म्हणायचं? झाकण उघडलं, वरची चकली दिली. त्यांना आवडली. दुसरी दिली. कुत्र्यालाही तुकडा दिला. चकल्यांचा थर खाली खाली जात होता आणि मला फडक्याचं टोक दिसायला लागलं. तिसऱ्या चकलीला त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी झाकण लावून "माझी बस!" असं ओरडलो आणि पळालो. बस दिसतसुद्धा नव्हती.

बायको ड्यूटीवरून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात अंधार करून बसलो होतो. दिवा लावला, माझा चेहरा पाहिला, कोट न काढता समोर बसली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही. मीच जाणार आहे." आणि सगळं सांगितलं. शेत, पंचवीस पौंड, परिच्छेद, पेन्सिल, बस, कुत्रा.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे, ऑपरेशनच्या टेबलावर एखाद्याचं ब्लडप्रेशर अचानक खाली जावं आणि आता काय करायचं ते ठरवावं, तसं बघत होती.

"माझी पाच वर्षं, नाइट शिफ्टा, परीक्षा," ती शेवटी म्हणाली. "आणि तू काकांना दाखवायला म्हणून." मग, "श्वास घे आधी. तोंडानं नाही, नाकानं. उद्या सकाळी एखाद्या जाणकाराला फोन करायचा. खरं काय ते सांगायचं. आणि तो डबा आहे तिथेच राहू दे, हात लावू नकोस."

सकाळी एका लिलावगृहाला फोन केला. त्यांच्या जुन्या हत्यारांच्या तज्ज्ञ बाई फोनवर आल्या. मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरून म्हणालो, "माझ्याकडे रिमफायर आहे आणि पेन्सिल जात नाही."

त्यांनी नीट ऐकून घेतलं. "कुठेही नेऊ नका. मी दुपारी तुमच्याच बाजूला येतेय. बघते. पण एक आत्ताच सांगते. बावीस निघालं तर पोलिसांना फोन तुमच्याच स्वयंपाकघरातून होईल, आणि तो तुम्ही स्वतः केलेला बरा."

बायकोनं दुपारची सुट्टी घेतली. आम्ही दोघं टेबलाशी बसलो. मध्ये डबा. बेल वाजली, मी दार उघडलं, आणि दारात पोलीस होता.

गणवेश, टोपी, खांद्यावर खरखरणारा वॉकीटॉकी.

"गुड आफ्टरनून, सर. दोन मिनिटं बोलायचं होतं."

"मी फोन केलाय!" मी ओरडलो.

"कुणाला?"

"एका… बाईंना."

त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मागून बायको आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉस्पिटलच्या आवाजात म्हणाली, "बोला ना, ऑफिसर." तो म्हणाला, गल्लीत सायकली चोरीला जातायत, प्रत्येक घरी सांगतोय. शेड आहे का मागे? कुलूप लावता ना? शेडमध्ये काही किमती वस्तू ठेवत नाही ना?

"आता नाही," मी म्हणालो.

बायकोची बोटं खांद्यात रुतली. तो पत्रक देऊन शेजारच्या दाराकडे गेला, आणि त्याच वेळी तज्ज्ञ बाई गाडीतून उतरल्या. साठीच्या, आखूड केस, गळ्यात साखळीला चष्मा. आत आल्या, हातमोजे चढवले, डब्यातून चकल्या बाजूला काढून फडकं सोडवलं. कशाचंही आश्चर्य दाखवलं नाही. चाक कसं उघडायचं ते त्यांना माहीत होतं. भोकं रिकामी. मग त्यांनी नळीत टॉर्च मारला आणि थबकल्या.

"आत काहीतरी लाल आहे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

चिमट्यानं त्यांनी एक कण काढून पांढऱ्या कागदावर ठेवला. मग दुसरा. भिंगातून पाहिलं. "हे काय आहे?"

"तांदूळ," बायको म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

"लाल?"

"कुंकू लावलेला."

"आणि हे पांढरं, घट्ट?" त्यांनी नाकाशी नेलं. "नारळ?"

खोबरेल तेल. नळीत सढळ हातानं ओतलेलं. इंग्लंडच्या ऑक्टोबरात, थंड शेडमध्ये. आमच्या बाथरूममधली तेलाची बाटली आम्ही रोज रेडिएटरवर ठेवतो, तेव्हा कुठे ती ओतता येते. हे मला पाच वर्षं माहीत होतं. पण बाटलीत गोठणारं तेल नळीतही गोठेल, हे डोक्यात आलं नाही. त्यात काकांनी नेम धरून टाकलेल्या अक्षता. पेन्सिल त्या गिलाव्याला अडली होती.

बायकोनं शस्त्रपूजा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बाई शांतपणे ऐकत होत्या. "नळ्यांमध्ये मी गंज पाहिलाय, कोळी पाहिलेत, एकदा लग्नाची अंगठी निघाली," त्या म्हणाल्या. "स्वयंपाक पहिल्यांदाच. हेअर ड्रायर आहे?"

हेअर ड्रायर आणला. गरम हवा लागली तसं तेल पातळ होऊन वर्तमानपत्रावर टपटपलं, मागून तांदूळ. स्वयंपाकघरभर न्हाण्याच्या दिवसाचा वास सुटला. पण अजून काही ठरलेलं नव्हतं. त्यांनी नेमकी बत्तीसच्या मापाची एक पितळेची दांडी काढली आणि नळीपाशी नेली. मी टेबलाची कड धरली. बायकोनं माझं मनगट धरलं. नंतर लक्षात आलं, ती नाडी मोजत नव्हती, नुसतंच धरलं होतं.

दांडी आत गेली. सरळ, कुठे न अडता.

"बत्तीस," बाई म्हणाल्या. चाकाची भोकंही मोजली. "बत्तीस रिमफायर. शोभेला ठेवायला हरकत नाही. बाहेर मात्र नेत जाऊ नका. बसनं वगैरे तर नाहीच."

बायकोनं कपाळ टेबलावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय हे विचारायची मला हिंमत झाली नाही. खरं तर इथे गप्प बसायला हवं होतं. पण जीव वाचल्यावर माझ्यातला पुणेकर जागा झाला.

"मग याची रास्त किंमत काय?"

बाईंनी ते उजेडात फिरवलं. "चाक घट्ट आहे. घोडा नीट अडकतो. मूळ मुलामा अर्धा तरी असता तर मी साडेतीनशे म्हटलं असतं. पण हे कुणीतरी आम्लानं घासलंय. मुलामा गेला, पोलादाला बारीक खड्डे पडलेत. कशानं घासलं असेल?"

"चिंच," मी म्हणालो. "आणि मीठ."

"हं." त्यांनी ते खाली ठेवलं. "पंचवीस."

"चाळीस?" तोंडातून निघून गेलं.

बायकोनं डोकं वर केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घेऊन जा," ती बाईंना म्हणाली. "मला ते फक्त घरातून बाहेर हवंय."

तोच सूर, अगदी तोच. त्या शेतातल्या बाई साठावरून पंचवीसवर एका दमात का आल्या, ते मला तेव्हा कळलं. त्यांनी हीच काळजी उशाशी घेऊन किती रात्री काढल्या असतील कोण जाणे.

बाईंनी पावती लिहिली, ते पेटीत बंद केलं आणि निघाल्या. आम्ही खिडकीत उभे राहिलो. अर्ज मंजूर झाल्याचा ईमेल पुढे आला, आम्ही पेढे वाटले, काकांना दोन जास्त दिले. पण मला विचाराल तर आमचा निकाल त्या दुपारी फुटपाथवर लागायचा होता. कारण पेटी घेऊन बाई गाडीपाशी पोचल्या, आणि समोरच्या घरून तो पोलीस परत आला. त्यानं अदबीनं त्यांच्यासाठी डिकी उघडून धरली. त्या काहीतरी बोलल्या. पेटी दाखवली. कागद दाखवला. तो वाकून बघत राहिला.

मग तो सरळ झाला आणि वळून आमच्या खिडकीकडे पाहिलं.

"हात हलव," बायको ओठ न हलवता म्हणाली.

मी हलवला. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानंही हात वर केला, डिकी लावली आणि पुढच्या घराची बेल वाजवायला गेला.

"आता श्वास घे," ती म्हणाली. "नाकानं."